भांडण माणसाशी, कलम तसेच
(पंचवटी येथील बैठकीतील भाषण)



2020 साली तीन शेती कायदे आले. दिल्लीच्या वेशीवर बसलेल्यांना कोणी खलिस्तानी ठरवले. कायद्यांना बरे म्हणणारे आम्ही, तर आम्ही भांडवलदारांचे दलाल! आम्ही तरी कुठे गप्प बसलो? समोरच्यांना अडत्यांचे हस्तक म्हणून मोकळे झालो. शिवी द्यायला कागद वाचावा लागत नाही.

आणि कागदात काय होते? कांद्याचा किरकोळ भाव दुप्पट झाला की साठ्यावर मर्यादा घालायची मुभा सरकारने स्वतःकडेच ठेवली होती. ही मेख आम्ही किती सभांत सांगितली? 14 सप्टेंबरला निर्यातबंदी आली. 23 ऑक्टोबरला घाऊक व्यापाऱ्याला 25 टनांची मर्यादा. व्यापाऱ्याचा हात आखडला की इथल्या मार्केट यार्डात ट्रॉली घेऊन उभा असलेल्याला कोणी पक्ष विचारत नाही.

2021 मध्ये कायदे मागे गेले. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी पुन्हा आलीच.

तेव्हा पुढच्या बैठकीला कायद्यांच्या विरोधात बसलेल्यांना बोलवू. आधी त्यांना बोलू द्या. मध्ये कोणी घोषणा देऊ नये, आमच्यापैकी तर नाहीच.