रस्त्याकडेची सावली आणि तिचे वारस



सावली ही एका पिढीने लावावी आणि पुढच्या पिढीने भोगावी अशी संपत्ती आहे. मनुष्य व पशू यांना छाया मिळावी म्हणून मार्गांवर वड लावल्याची नोंद सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात केली आहे. खानदेशात रस्त्यांच्या दुतर्फा हेच काम प्रामुख्याने कडुनिंब आणि चिंच यांनी केले. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा एस. टी.ची वाट पाहणाऱ्या वृद्धाला आणि गाडीच्या बैलांना दुसरा आसरा नसतो.

धुळे-जळगाव महामार्गाच्या चौपदरीकरणात अनेक जुने वृक्ष गेले. गावे जोडणाऱ्या लहान रस्त्यांवर ते अद्याप उभे आहेत. परंतु कित्येकांचे बुंधे पोकळ झाले आहेत, शेंडे वाळत आहेत. वृक्ष कोसळल्यावर रोपाचा विचार करणे म्हणजे पेढी बुडाल्यावर हिशेब मांडणे होय.

मग वारस कोण असावा? गुलमोहर झटपट वाढतो व डोळ्यांना सुखवितो. पण मादागास्करहून आलेल्या या वृक्षाची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या वादळात त्या वाटसरूंवर मोडून पडतात. नीलगिरी उंच जाते, मात्र तिची छाया विरळ. याउलट कडुनिंब फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळतो, चैत्रात नवी पालवी धारण करतो आणि ऐन वैशाखात घनदाट होतो. पूर्वजांची निवड अनुभवाची होती.

तथापि संपूर्ण रांग पुन्हा कडुनिंबाचीच करणे हितावह नाही. २०२१ च्या सुमारास तेलंगणात बुरशीजन्य रोगाने असंख्य कडुनिंबांचे शेंडे करपले. सर्व भांडवल एकाच मालात गुंतविणारा व्यापारी एका मंदीत बसतो. झाडांच्या रांगेलाही तोच न्याय लागू पडतो.

म्हणून जागेनुसार जात निवडावी. पाण्याचा निचरा होणाऱ्या उंचवट्यावर कडुनिंब, खोल जमिनीत चिंच, नाल्याच्या काठी करंज किंवा अर्जुन आणि मुरमाड माळावर खानदेशच्या रानातला काटक अंजन लावावा. थांब्यापाशी ऐसपैस जागा असेल तेथे वड शोभतो. विजेच्या तारांखाली आपटा वा बहावा लावल्यास पुढे फांद्यांची छाटणी फारशी करावी लागत नाही.

बांधालगतच्या शेतकऱ्याची तक्रारही ऐकली पाहिजे. सावलीत त्याचा कापूस खुरटतो, हे खोटे नाही. त्याची संमती घेऊन अंतर ठरवावे आणि चिंचेच्या फळांचा हक्क त्याला मिळवून द्यावा. मग तोच झाडाचा राखणदार होईल.

जुनी रांग एकाएकी तोडू नये. धोकादायक झाडे तेवढी काढावीत, मोकळ्या जागी दरवर्षी थोडी रोपे लावावीत. त्यामुळे सर्व झाडे एकाच वेळी वृद्ध होणार नाहीत. खड्डे उन्हाळ्यातच खणावेत, लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करावी आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी व काटेरी कुंपण यांची तजवीज आधीच करून ठेवावी.

वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्र निघते. झाडाचे भवितव्य मात्र तिसऱ्या उन्हाळ्यात ठरते. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन कोण जाणार, हे रोप आणण्यापूर्वी निश्चित करावे.