दोष शोधणे आणि दोष सांगणे



कै. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून विषय मांडतो. छपाईपूर्वी मुद्रिते तपासतात, तशी संगणकाची आज्ञावलीही तपासावी लागते. ‘ओपन-एसएसएल’ ही इंटरनेटवरील संदेश गुप्त राखणारी, सर्वांस खुली आज्ञावली. तिच्या मार्च २०१२ मधील आवृत्तीत एक दोष राहिला. कोणी चार अक्षरे पाठवून ‘हजारो पाठवली, तेवढी परत द्या’ म्हटले, तर संगणक न मोजताच स्मृतीतील शेजारचा मजकूर, प्रसंगी परवलीचे शब्दही, देऊन टाकी. ‘हार्टब्लीड’ नावाचा हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाला. दोन वर्षे तो सर्वांसमोर होता, पण कोणाच्या नजरेस आला नव्हता.

यातून धडा घेऊन गूगलने २०१६ मध्ये ‘ओएसएस-फझ’ सुरू केले. हे यंत्र खुल्या आज्ञावल्यांना अहोरात्र वेडावाकडा मजकूर पुरवते आणि कोणती कोसळते ते पाहते. सापडलेला दोष प्रथम ती आज्ञावली सांभाळणाऱ्यांनाच कळवला जातो. दुरुस्तीस सामान्यतः ९० दिवसांची मुदत असते, मग तो जाहीर होतो.

परंतु यंत्र दाखवील तो प्रत्येक दोष खरा नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या पोकळ तक्रारींना कंटाळून ‘कर्ल’ प्रकल्पाने दोष कळवणाऱ्यांचे बक्षीस जानेवारी २०२६ अखेर बंद केले. अशी तक्रार क्षणात लिहून होते. ती तपासणाऱ्याचे मात्र तास खर्ची पडतात.

मित्रहो, दोष यंत्राने खुशाल शोधावा. तो पडताळून, योग्य व्यक्तीस, योग्य वेळी सांगणे हे माणसाचेच काम. दुसऱ्याचे उणे दाखवताना त्याच्या श्रमांची जाण ठेवावी, हे शिकवण्याचे ठिकाण शाळाच होय.