मुख्यालये कमी होतात तेव्हा

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि विकास विभागांतील अधिकारी-कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. गोदावरीच्या दक्षिणेकडील या शेतीप्रधान भागात एखाद्या मोठ्या कंपनीचे मुख्यालय कधीच नव्हते. तेव्हा मुंबईतील मुख्यालये तेथेच राहिली काय, किंवा अहमदाबाद-दिल्लीला गेली काय, त्याचे येथील शेतकऱ्याला काय, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्तही ठरेल. आजच्या विषयाचा आरंभ याच प्रश्नापासून करणे योग्य होईल.

त्याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळापाशी सापडते. त्या वर्षी मराठवाड्यातील शेतकरी आणि शेतमजूर खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या कामांवर गेले. मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती. ती त्याच वर्षी राज्यभर योजनेच्या रूपाने सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेला पैसा हवा होता. यास्तव १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांनी हा कर भरावयाचा आणि तो रोजगार हमीसाठी वापरावयाचा, असे ठरले. या योजनेसाठी जमणाऱ्या करांच्या रकमेइतकीच भर राज्य शासनाने घालावी, अशीही तजवीज होती.

फोर्टमधील अथवा नरिमन पॉइंटवरील मुख्यालयात बसणाऱ्या कारकुनाच्या व व्यवस्थापकाच्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी तालुक्यांतील पाझर तलावांवर, बंधाऱ्यांवर आणि रस्त्यांवर खर्च होत असे. शहराच्या पगारपत्रकाशी खेड्याच्या हजेरीपटाचा असा प्रत्यक्ष संबंध जोडला गेला होता. हजारो पगारदारांचे मुख्यालय राज्यातून गेले की त्यांचा व्यवसाय करही त्यांच्याबरोबर जातो. तलवाड्याचा या विषयाशी असलेला हा पहिला संबंध होय.

मुख्यालय म्हणजे काय?

कंपनीच्या संदर्भात तीन ठिकाणांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. पहिले नोंदणीकृत कार्यालय. कायद्याने कंपनीचा पत्ता तो असतो आणि नोटिसा तेथे बजावल्या जातात. दुसरे, जेथे संचालक व वरिष्ठ अधिकारी बसतात आणि जेथे निर्णय होतात, ते प्रत्यक्ष मुख्यालय. तिसरे, कारखाना किंवा शाखा, जेथे माल तयार होतो अथवा ग्राहकाशी गाठ पडते.

ही तिन्ही ठिकाणे एकत्र असतीलच असे नाही. १९४३ साली कोल्हापुरात निघालेली रत्नाकर बँक आज आरबीएल बँक या नावाने ओळखली जाते. तिचे नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरातच आहे, मात्र तिचा मोठा कारभार मुंबईतून चालतो. बँक ऑफ बडोदाचे मुख्य कार्यालय वडोदऱ्यास आहे, तर तिचे निगम कार्यालय मुंबईत आहे. म्हणून केवळ पाटी पाहून निर्णयाची जागा कळत नाही. कर्जाचे धोरण कोठे ठरते, माल कोणाकडून घ्यावयाचा हे कोण ठरविते आणि नवी भरती कोठे होते, हे पाहावे लागते.

मुख्यालये आली कशी?

मुंबईला हे स्थान एका दिवसात मिळाले नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. १८७५ साली शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. रिझर्व्ह बँकेचे काम १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाले तेव्हा तिचे केंद्रीय कार्यालय कलकत्त्यास होते. ते १९३७ साली कायमचे मुंबईस आले. १९५६ साली २४५ विमा संस्थांचे व्यवहार एकत्र करून आयुर्विमा महामंडळ निर्माण झाले, त्याचेही केंद्रीय कार्यालय मुंबईतच झाले. बंदर, गिरण्या, रोखेबाजार, बँका आणि विमा यांनी एकमेकांना ओढून आणले.

महाराष्ट्रातील मुख्यालये केवळ मुंबईतच होती, असे मात्र नव्हे. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. सांगली बँक १९१६ साली, कुरुंदवाडची गणेश बँक १९२० साली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली स्थापन झाली. पुण्यात त्याच सुमारास बँक ऑफ महाराष्ट्र उभी राहिली. लहान शहरांतील वकील, व्यापारी आणि शिक्षक यांनी भागभांडवल जमवून उभारलेल्या या संस्था होत्या. कर्ज मागणाऱ्याचे घराणे, त्याची शेती आणि त्याची पत त्यांना ठाऊक असे.

घट कोणत्या मार्गांनी झाली?

पहिला मार्ग विलीनीकरणाचा. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत वर उल्लेखिलेल्या तीन जुन्या बँका संपल्या. गणेश बँक केरळमधील फेडरल बँकेत, युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआय बँकेत आणि सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. शाखा राहिल्या, ठेवी सुरक्षित राहिल्या. परंतु कुरुंदवाड, सातारा आणि सांगली येथे होणारे निर्णय अन्यत्र होऊ लागले. १ एप्रिल २०१९ रोजी मुंबईची देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. राष्ट्रीयीकृत बँकांची व स्टेट बँकेची मिळून संख्या १ एप्रिल २०२० पासून १२ झाली. त्यांपैकी स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक आणि युनियन बँक या चार बँकांची मुख्यालये मुंबईत व बँक ऑफ महाराष्ट्रचे पुण्यात आहे.

दुसरा मार्ग मालकी बदलण्याचा. १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनी, म्हणजे एसीसी, स्थापन झाली. चर्चगेटजवळची तिची इमारत 'सिमेंट हाऊस' म्हणूनच ओळखली जाई. २०२२ साली कंपनीची मालकी अदानी समूहाकडे गेली आणि त्यानंतर तिचे नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादला हलले. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसजवळचा तिचा कारखाना मात्र जागच्या जागी आहे. चुनखडीची खाण उचलून नेता येत नाही, कचेरी नेता येते. कारखान्यापेक्षा मुख्यालय किती सहज हलते, हे यावरून ध्यानी येईल.

तिसरा मार्ग पुनर्रचनेचा. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली सुरू केलेल्या विमानसेवेतून एअर इंडिया निर्माण झाली. १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. २००७ साली इंडियन एअरलाइन्सशी एकत्रीकरण झाल्यानंतर, २०१३ साली, तिचे मुख्यालय मुंबईहून दिल्लीस गेले. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे आली, तरी मुख्यालय मुंबईस परतले नाही. आज ते गुरुग्रामला आहे. नरिमन पॉइंटवरील तिची इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाकडे देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. इमारत राज्याला मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु इमारत मिळणे आणि तीत होणारे निर्णय परत मिळणे यांत अंतर आहे.

चौथा मार्ग उद्योगच बंद पडण्याचा. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, तर अनेकांचा कारभार राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेला. त्या महामंडळाचे मुख्यालय दिल्लीस होते. गिरणीच्या प्रत्येक कंपनीबरोबर एक कचेरी, एक संचालक मंडळ आणि खरेदी-विक्रीचे एक केंद्र नाहीसे झाले.

दुसरी बाजू

हे चित्र एकांगी मानणे बरोबर होणार नाही. महाराष्ट्राने गमावले तसे मिळविलेही आहे. १९४२ साली कामकाज सुरू केलेली आणि निजामाच्या राजवटीपासून मराठवाड्याच्या परिचयाची असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा हैदराबादचे मुख्यालय संपून निर्णय मुंबईस आले. २०२० साली आंध्र बँक आणि मंगळूरची कॉर्पोरेशन बँक मुंबईच्या युनियन बँकेत आल्या. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली. दोन्ही मुंबईच्याच असल्यामुळे कोणीही राज्य सोडले नाही, तरी दोन मुख्यालयांचे एक झाले. टाटा, रिलायन्स, लार्सन अँड टुब्रो, महिंद्र यांसारख्या समूहांचा कारभार आजही मुंबईतूनच चालतो.

तेव्हा संख्या घटली म्हणजे सामर्थ्य त्याच प्रमाणात घटले, असा हिशेब करता येत नाही. पण आहे ते टिकेलच, असाही भरवसा धरता येत नाही. कलकत्ता शहराचा अनुभव यादृष्टीने बोलका आहे. एकेकाळी देशाच्या उद्योगधंद्यांचे ते अग्रणी केंद्र होते. रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय कार्यालय तेथून १९३७ साली गेले. तर १ एप्रिल २०२० या एकाच दिवशी तेथील युनायटेड बँक दिल्लीच्या पंजाब नॅशनल बँकेत आणि अलाहाबाद बँक चेन्नईच्या इंडियन बँकेत विलीन झाली. या दोन घटनांमध्ये ऐंशीहून अधिक वर्षे आहेत. इतक्या संथपणे चालणारी घट कोणत्याही एका वर्षाच्या अहवालात ठळकपणे दिसत नाही.

मराठवाड्याचा अनुभव

मराठवाड्याच्या वाट्याला मुख्यालये थोडीच आली. तलवाड्याच्या परिसराला जवळचे असे एक उदाहरण पैठण रस्त्यावरील चितेगावचे. दूरचित्रवाणी संच घरोघरी पोचविणाऱ्या व्हिडिओकॉन कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय तेथे होते. थकलेल्या कर्जांमुळे जून २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. शेंद्रा येथे कारखाना असलेली स्कोडा कंपनी २०१९ साली पुनर्रचनेत फोक्सवॅगनच्या भारतातील कंपनीशी एक झाली आणि एकत्रित कंपनीचा कारभार पुण्यातून चालू लागला. शेंद्र्याची मुख्यालयाची जागा अशी राज्यातल्या राज्यातच हलली.

ग्रामीण बँकेची कथा वेगळी आहे. मराठवाडा ग्रामीण बँकेचे मुख्यालय नांदेडला होते. २००९ साली तिच्या एकत्रीकरणातून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार १ मे २०२५ पासून नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तीत आली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे राहिले. संपूर्ण राज्याच्या ग्रामीण बँकेचे मुख्यालय मराठवाड्यात आहे, ही येथील लोकांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय. कोरडवाहू शेतीचे कर्ज, पावसाचा खंड आणि हप्त्याची वेळ यांचा विचार करणारे अधिकारी या भागात बसतात. त्यांच्याकडे अडचणी लेखी व आकडेवारीसह पोचविणे हे आता स्थानिक प्रतिनिधींचे काम आहे.

पंचायतीने, शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी काय करावे?

एसीसी किंवा एअर इंडियाचे मुख्यालय थांबविणे तलवाड्याच्या हाती नव्हते. काही गोष्टी मात्र निश्चितपणे येथील लोकांच्या हाती आहेत.

पहिली गोष्ट सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, ग्रामीण विकास अशा कामांवर खर्च करावयाची असते. जेथे कंपनीचे काम चालते, त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. मुख्यालये दूर गेली की हा निधीही दूर जाण्याचा संभव वाढतो. म्हणून शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाकीची क्षमता आणि खर्चाचा अंदाज यांसह प्रस्ताव तयार ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीला अधिक संधी असते.

दुसरी गोष्ट, नवे मुख्यालय खेड्यातही निघू शकते. २००२ च्या कायदेदुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीची सोय झाली. १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात आणि तिचे नोंदणीकृत कार्यालय गावातच ठेवू शकतात. व्यक्तिगत सभासदांच्या अशा कंपनीत भाग कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. कापूस, तूर, सोयाबीन यांचा भाव केव्हा स्वीकारावयाचा आणि माल कोठे साठवावयाचा, याचा निर्णय मग गावातच होतो. विविध कार्यकारी सेवा सोसायटी हेही गावचे एक मुख्यालयच आहे, याचा विसर पडू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हिशेबाची. साताऱ्याची आणि कुरुंदवाडची बँक जनतेचा लोभ कमी झाला म्हणून संपली नाही. भांडवल अपुरे पडले, व्यवहारांवर स्थगिती आली आणि मग निर्णयाची जागा बदलली. सोसायटीचे लेखापरीक्षण वेळेवर न होणे, वार्षिक सभा सह्यांपुरती उरकली जाणे, थकबाकीची यादी सभासदांपासून लपविली जाणे, ही त्याच वाटेवरची पहिली पावले असतात. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत घ्यावयाची असते. तीत ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे दहा सभासद असले, तरी संस्थेचे आयुष्य वाढते. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना गावच्या संस्थेचा ताळेबंद वाचावयास शिकविला, तर ते सभासद गावातच तयार होतील. सहकार आणि ग्रामविकास खात्यांच्या अधिकाऱ्यांनी लेखापरीक्षकाचे शेरे सोप्या मराठीत चावडीवर लावले, तर त्या शिक्षणाला बळ मिळेल.

राज्यातील मोठी मुख्यालये टिकावीत म्हणून वीज, रस्ते, जलद परवाने आणि न्यायनिवाडा यांची व्यवस्था पाहणे हे शासनाचे काम आहे. गावातील लहान मुख्यालये टिकविणे हे सभासदांचे काम आहे. दोन्हींचा परिणाम अखेर एकाच ठिकाणी दिसतो: आपल्या कर्जाचा, आपल्या मालाचा आणि आपल्या मुलांच्या नोकरीचा निर्णय करणारा माणूस आपल्यापासून किती दूर बसलेला आहे. ते अंतर वाढू न देणे, हेच या विषयाचे सार होय.