प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटांविषयी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी आपल्याशी चित्रपटांविषयी बोलणार आहे. पण त्यांत नट नाही, नटी नाही की गाणे नाही. शहरातल्या साध्या माणसांना बोलते करायचे आणि ते बोलणेच पडद्यावर दाखवायचे, असे हे माहितीपट.

१९६० च्या उन्हाळ्यात झां रूश आणि एदगार मोरँ यांनी पॅरिसमध्ये असा प्रयोग केला. दोन तरुणी मायक्रोफोन घेऊन रस्त्यावरच्या माणसांना विचारीत, "आपण सुखी आहात का?" कोणी टाळून पुढे जाई, कोणी मन मोकळे करी. पुढे त्यांनी भाग घेतलेल्या मंडळींनाच चित्रपट दाखविला. कोणाला तो कृत्रिम वाटला, तर कोणाला नको इतका उघडा. ती मतेही चित्रपटात ठेवली गेली.

आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली मुंबईवर 'हमारा शहर' हा माहितीपट केला. त्यात झोपड्या पाडल्या गेलेली माणसे बोलतात, तशीच झोपडपट्टीला नाके मुरडणारी सुखवस्तू माणसेही बोलतात. एका बाईने तर खुद्द चित्रपट करणाऱ्यांनाच धारेवर धरले. गरिबांची चित्रे घेऊन तुमचे नाव होईल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख होता. तेवढा भाग कापणे सोपे होते. पण पटवर्धनांनी तो ठेवला. म्हणून तर त्या चित्रपटावर माझा विश्वास बसला.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांना काम करता करता सुचलेल्या ओळी चिरंजीव सोपानदेव आणि एका नातलगाने टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. टिपणारे कोणी नसते, तर? जळगाव-धुळ्यात कितीकींचे बोल असे त्यांच्याबरोबरच गेले असतील!

आज फोन घरोघर आहे. तेव्हा माझी सूचना अशी की, येत्या वर्षात प्रत्येकीने आपल्या गल्लीतील एका वयस्क बाईला बोलते करावे. ती अहिराणीत बोलली, तर ते सुधारू नये. झालेले चित्रण आधी तिला दाखवावे. ती नको म्हणेल तेवढे पुसावे. पण आपल्याला बोचते म्हणून मात्र काही पुसू नये.

सुनांनो, पहिला प्रश्न आपल्या सासूबाईंनाच विचारा. उत्तर ऐकायची तयारी ठेवा, म्हणजे झाले!