पगार सोडला, जाहिरात सुटली काय?

माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. एका कंपनीच्या मार्केटिंग विभागातील नोकरी सोडून तो आता यूट्यूबसाठी चित्रफिती करतो. “सर, आता मी कुणाचा नोकर नाही,” म्हणाला. त्याचे धाडस मला आवडले. पुण्याच्या मधुरा बाचल २००९ पासून पाककृतींच्या चित्रफिती करीत आल्या आहेत. तेव्हा ही वाट अगदीच आडरानात जाते असे नव्हे.

परंतु हिशेब पाहा. जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा त्याचा, उरलेला कंपनीचा. तोही केव्हा? हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षक जमल्यावर. ही अट २०१८ मध्ये कंपनीने एकतर्फी घातली. म्हणजे पूर्वी हा पगार घेऊन जाहिरात करी. आता स्वतःचा कॅमेरा, वीज आणि वेळ खर्चून जाहिरातीसाठी गर्दी जमवतो.

१९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे आली. तेथे मालकांसमोर श्रमिकांचा प्रतिनिधी बसतो. “तुझा प्रतिनिधी कुठे बसतो?” मी विचारले.

तो हसला. “सर, तुम्ही आधी सबस्क्राइब तर करा!”

केले.