भिंत कोणाची, फळा कोणाचा?



विषय संगणकाचा आणि वक्ता कामगार संघटनेचा, ही जोडी पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्याने आयुष्यभर कारखान्यांच्या दारांत सभा घेतल्या, त्याला एक प्रश्न नेहमीच छळत आला आहे. बोलायचे कोठे, आणि ज्या जागेवर उभे राहून बोलायचे ती जागा कोणाची?

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याच्या विसाव्या कलमाने मान्यताप्राप्त संघटनेला कारखान्याच्या आवारात आपला सूचनाफलक लावण्याचा हक्क दिला. बाहेरच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. एक फळा, त्यावर खडूने लिहिलेली सभेची वेळ. एवढ्यासाठी कायदा कशाला? तर भिंत मालकाची होती म्हणून. त्याच्या भिंतीवर आपली चार अक्षरे लिहिता यावीत, यासाठी विधिमंडळाला कलम घालावे लागले.

आता कामगार फळ्यापाशी थांबत नाही. त्याचा फळा त्याच्या खिशात असतो. २००६ साली अमेरिकेत ट्विटर निघाले. काय सांगायचे ते १४० अक्षरांत सांगा, असा त्याचा प्रारंभीचा नियम होता. मंत्री, नट, संपादक, संघटना, सारे त्या चावडीवर जमले. चावडी मात्र गावाची नव्हती, कंपनीची होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ती ४,४०० कोटी डॉलरांना विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव बदलून ‘एक्स’ केले. गावाला कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. सातबाऱ्यावर गावाचे नाव नव्हतेच.

आपल्या देशातलेच एक उदाहरण घ्या. १९३६ साली जर्मनीत, हाम्बुर्गच्या गोदीत, एका जहाजाच्या जलावतरणाच्या वेळी जमलेल्या कामगारांनी नाझी सलामीसाठी हात उंचावले. त्या गर्दीच्या छायाचित्रात एक कामगार हाताची घडी घालून उभा दिसतो. तो ऑगस्ट लांडमेसर असावा असे मानतात. हे छायाचित्र सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी ट्विटरवर आपल्या नावाच्या वर लावले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने चित्र द्वेषमूलक ठरवून त्यांचे खाते बंद केले. ज्या कामगाराने द्वेषाला हात जोडले नाहीत, त्याचेच चित्र द्वेषाचे ठरले! हेगडे वकील होते, ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पाळीवरून सुटलेल्या कामगाराचे खाते असे बंद झाले, तर त्याने कोणत्या दारात जावे?

त्या नोव्हेंबरात अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली काढलेली ही व्यवस्था. तिच्यात एका मोठ्या चावडीऐवजी अनेक लहान चावड्या आहेत, आणि एका चावडीवरचा माणूस दुसरीवरच्याशी बोलू शकतो. प्रत्येकीला सांभाळणारा कोणी असतो. तो चांगला असला तर ठीक; उद्या कंटाळून त्याने यंत्र बंद केले तर त्या चावडीवरच्या मंडळींनी बिऱ्हाड हलवायचे.

याही पुढचे पाऊल त्याआधीच एका माणसाने टाकले होते, आणि मला आज मुख्यतः त्याच्याविषयी सांगायचे आहे. जून २०१३ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात बसभाडे २० सेंटाव्होंनी वाढले आणि बघता बघता देशभर लोक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन सरकारची गुप्त पाळत उघडकीस आणली. या वातावरणात जुलै महिन्यात मिगेल फ्रेइतास या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरने ‘ट्विस्टर’ लिहायला घेतले. ऑक्टोबरपर्यंत त्याचा गाभा चालू झाला.

चार महिन्यांत एका माणसाने हे कसे केले? पायाचे दगड त्याने स्वतः घडविले नव्हते. बिटकॉइन हे नाणे आणि फायली वाटून घेण्याची बिटटोरंट ही पद्धत, या दोहोंमागचे लिखाण, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात ते, खुले उपलब्ध होते. कोणीही वाचावे, बदलावे, त्यावर आपले घर उभारावे. त्याने तेच केले, आणि आपले लिखाणही तसेच खुले ठेवले. श्रमाचे फळ कोणाचे यावर आम्ही मंडळी तासन् तास भाषणे करतो. येथे माणसांनी ते फळ कुलूप न लावता वेशीवर ठेवले होते.

ट्विस्टरची रचना तीन पदरी आहे. पहिला पदर नावांच्या वहीचा. गावातली जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. पण समजा, तीच वही घरोघर आहे आणि नवी नोंद झाली की प्रत्येक घरच्या वहीत उतरते. मग एकट्या तलाठ्याला खाडाखोड करता येणार नाही. ट्विस्टरमध्ये कोणते नाव कोणाचे, हे अशा वहीत राहते. वहीचे नवे पान जोडण्यासाठी संगणकाला बरीच आकडेमोड करावी लागते. तिचा मोबदला पैशांत नाही. आपला एक संदेश सर्वांपुढे मांडण्याचा हक्क मिळतो. दवंडी पिटण्याचा मान म्हणा ना!

दुसरा पदर पत्ता शोधण्याचा. परक्या गावात आपण एखाद्याचे घर विचारतो, तेव्हा पहिला भेटलेला माणूस म्हणतो, मारुतीच्या देवळापाशी जा, तेथे सांगतील. साऱ्या गावाचा नकाशा कोणापाशीच नसतो, तरी घर सापडते. इथले संगणक असेच एकमेकांना विचारत जातात. तिसरा पदर वाटपाचा. ज्यांना माझे लिखाण वाचायचे असते त्यांचे संगणक ते साठवून पुढच्याला देतात. बेचाळीसच्या चळवळीतली भूमिगत पत्रके अशीच हातोहात फिरली. खासगी पत्र असेल तर ज्याचे त्यालाच उघडता येईल, असे सांकेतिक करून जाते.

म्हणजे मालक नाही, मुख्य कचेरी नाही, टाळे ठोकायला दार नाही. हे ऐकून आमचे तरुण कार्यकर्ते हरखून जातात. मी त्यांना सांगतो, जरा थांबा. मालक गेला म्हणून मालक करीत होता ते काम जात नाही. यंत्र चालू ठेवणे, वही साठवणे, वीज भरणे, हे सारे सभासदांच्या अंगावर येते. वर्गणी न भरता संघटना हवी असणारे सभासद मी पुष्कळ पाहिले आहेत. ट्विस्टर चालवायला सतत चालू राहणारा संगणक हवा, आणि आमच्या कामगाराच्या हाती मोबाइल आहे. ट्विस्टर कधी मोठे झाले नाही. माझ्या मते याचे एक कारण हेच.

दुसरी अडचण किल्लीची. ट्विस्टरमध्ये तुमचे नाव ही एका गुप्त किल्लीची सावली असते. किल्ली हरवली की नाव गेले. नवी करून देणारी खिडकीच नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेशांद्रे दे मोराइस यांनी ‘एक्स’ देशभर बंद करण्याचा आदेश दिला. काही खाती बंद करण्याचा हुकूम कंपनीने मानला नव्हता आणि देशात आपला कायदेशीर प्रतिनिधीही नेमला नव्हता. ऑक्टोबरात, कंपनीने अटी पाळल्यावर, बंदी उठली. आदेश योग्य होता की अयोग्य यावर वाद होवो. पण नोटीस बजावायला तेथे कोणी तरी होते. ट्विस्टरवर एखाद्या बाईची बदनामी झाली तर नोटीस कोणावर बजावणार? जबाबदार कोण हे कागदावर नसले म्हणजे काय होते, हे कंत्राटी कामगाराला विचारा. कंपनी म्हणते तो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो मी आता ठेकेदार नाही. मालक नसणे आणि मालक न सापडणे यांत अंतर आहे, आणि ट्विस्टरमध्ये ही दोन्ही एकत्र नांदतात.

(बंदीच्या त्या दिवसांत लाखो ब्राझीलवासी ब्लूस्काय या दुसऱ्या कंपनीकडे गेले. भाडेकरूने एक चाळ सोडून दुसरी धरली, एवढेच.)

मग करावे काय? व्हॉट्सॲप सोडा असे मी म्हणणार नाही. कामगार तेथे आहे, आपणही तेथेच असले पाहिजे. परंतु चार-पाच संघटनांनी मिळून मॅस्टोडॉनसारखी एखादी लहान चावडी स्वतःची करावी. लिखाण फुकट मिळते. यंत्र, वीज आणि ते सांभाळणारा मुलगा फुकट मिळत नाहीत; त्यांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात दाखवावा, लाजू नये. कोणाचा संदेश कोणी आणि कशासाठी काढायचा याचा ठराव कार्यकारिणीने आधी करून ठेवावा, आणि ज्याचा संदेश काढला त्याला सर्वसाधारण सभेत दाद मागता यावी. राहिली किल्ली. ती अध्यक्षाच्या खिशात नको आणि त्या मुलाच्या एकट्याच्या डोक्यातही नको. कागदावर लिहून, पाकीट लाखेने बंद करून, दोघांच्या सहीने पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवावी.