बीथोव्हेनच्या नांवांतील ‘व्हान’

पाश्चात्त्य संगीताशीं ज्यांचा फारसा परिचय नाहीं, त्यांनींही लुडविग व्हान बीथोव्हेन हें नांव बहुधा ऐकलेलें असतें. आज मी त्याच्या संगीताविषयीं नव्हे, तर या नांवाच्या मधोमध बसलेल्या ‘व्हान’ या चिमुकल्या शब्दाविषयीं बोलणार आहे. शब्द लहान खरा. परंतु त्यानें एका मानी पुरुषास भर न्यायालयांत खालीं पाहावयास लावलें.

बीथोव्हेन १७७० सालीं जर्मनींतील बॉन येथें जन्मला. पण घराणें मूळचें तेथील नव्हे. त्याचे आजोबा, त्यांचेंही नांव लुडविगच, हल्लीं बेल्जममध्यें असलेल्या मेखेलेन गांवचे. तेथील भाषा डच. गळ्याच्या जोरावर ते १७३३ सालीं बॉनच्या दरबारीं गायक म्हणून आले आणि १७६१ मध्यें तेथील संगीताचे मुख्य झाले. हें आडनांव त्यांच्याबरोबरच बॉनला आलें.

डच भाषेंत ‘व्हान’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘कडील’, आणि ‘होव्हेन’ म्हणजे शेतवाड्या. पहिल्या भागाचा संबंध कोणी बीट या कंदाशीं जोडतात. कोणी सबंध नांवच बेटेनहोव्हेन या खेड्यावरून आलें असें मानतात. कोणतीही व्युत्पत्ति घेतली तरी तात्पर्य एकच, कीं कोणी पूर्वज अमुक एका वाडीचा राहणारा होता. आपल्याकडील पुणेकर, नाशिककर हीं आडनांवें याच जातीचीं. ‘कर’ लागल्यानें कोणी सरदार ठरत नाहीं. डच मुलखांत ‘व्हान’चीही तीच गोष्ट.

जर्मन भाषेच्या मुलखांत मात्र ‘फॉन’ हा शब्द बहुधा कुलीनतेची निशाणी समजला जाई. १७९२ सालीं बीथोव्हेन व्हिएन्नास आला, तेव्हां ‘व्हान’ आणि ‘फॉन’ यांतील भेद तेथील लोकांच्या ध्यानांत आला नाहीं. उमरावांच्या दिवाणखान्यांत तो त्यांच्यापैकींच एक म्हणून वावरला, आणि हा गैरसमज दूर करण्याची त्यालाही निकड वाटली नाहीं. १८०१ सालीं त्याची पहिली सिंफनी छापली गेली, तिच्या मुखपृष्ठावर दोन ‘व्हान’ आहेत. एक रचनाकाराचा, दुसरा, ज्यांस ती अर्पण केली त्या बॅरन व्हान स्वीटेन यांचा. स्वीटेनही जन्मानें डच. पण त्यांच्या घराण्याला बॅरन ही पदवी मिळालेली होती. रचनाकाराजवळ तसें कांहीं नव्हतें.

हें उघड झालें तें १८१८ मध्यें. बीथोव्हेनचा भाऊ १८१५ सालीं वारला. मागें नऊ वर्षांचा मुलगा कार्ल राहिला. त्याच्या पालकत्वासाठीं काका आणि आई यांच्यांत वाद जुंपला. दावा उमरावांच्या खास न्यायालयांत चालला होता, आणि १८१६ च्या आरंभीं निकाल काकाच्या बाजूनें लागला होता. पुढें मुलगा काकाच्या घरून पळून आईकडे गेला, तेव्हां प्रकरण पुन्हां उभें राहिलें. ११ डिसेंबर १८१८ रोजीं न्यायाधीशांनीं विचारलें, आपण कुलीन आहां काय, आणि त्यास पुरावा कोणता? बीथोव्हेननें कबूल केलें कीं, ‘व्हान’ हा डच शब्द केवळ उमरावच लावतात असें नाहीं, आणि आपणाजवळ सनद नाहीं. छातीवर आणि मस्तकावर हात ठेवून, माझी कुलीनता येथें आहे, असें तो बाणेदारपणें म्हणाला, ही कथा पुढें त्याच्या चरित्रकारानें सांगितली. न्यायालयाच्या कागदांत मात्र तें नाहीं.

आठवड्याच्या आंत दावा सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे गेला. त्याला हा अपमान झोंबला. नव्या न्यायालयानें १८१९ मध्यें पालकत्व त्याच्याकडून काढलें. वरिष्ठ न्यायालयानें ८ एप्रिल १८२० रोजीं तें परत दिलें. काका जिंकला, पण पोर ओढाताणींतच वाढलें. १८२६ सालीं कार्लनें स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलें, आणि सुदैवानेंच तो वांचला.

मला या कथेंत एक गोष्ट विलक्षण वाटते. छापील संगीतावर बीथोव्हेनचें पहिलें नांव भाषेप्रमाणें बदलतें; कोठें तो फ्रेंच लुई, कोठें इटालियन लुइजी, तर कोठें जर्मन लुडविग. ‘व्हान’ मात्र सर्वत्र कायम आहे. ज्या शब्दाच्या आधारें तो उमरावांत बसूं पाहत होता, तो शब्द आरंभापासून एवढेंच सांगत होता, कीं हा एका वाडीच्या माणसाचा वंशज आहे. आणि ज्या आजोबांनीं तो शब्द बॉनला आणला, त्यांची तसबीर त्यानें व्हिएन्नांतील आपल्या घरीं जिव्हाळ्यानें जपली होती. ते आजोबा सनदेवर नव्हे, गळ्यावर मोठे झाले होते.